परत आल्याची तारीख

कप्पेवाले पहिल्या तीन खेपांना आले, पण त्यांनी कंप्युटरला हात लावला नाही. विहाराच्या मागच्या खोलीत उपड्या घातलेल्या डेगेवर बसायचे आणि मी भांडी कशी देते-घेते ते बघायचे. मला वाटलं, माणूस कामचुकार आहे. तसं तोंडावर बोललेही. ते म्हणाले, "आक्का, आधी काम बघतो, मग कप्पे पाडतो."

तेरच्या अलीकडं आमचं गाव. लग्नाला, नामकरणाला, मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाला लागणारी भांडी आमच्या महिला मंडळाची आहेत. डेगा, पराती, बादल्या, ओगराळी. खोलीची किल्ली माझ्या कमरेला. कोणतं भांडं कुणाच्या घरी आहे ते मी कितीतरी वर्षं डोक्यात ठेवलं. मग डोकं गळायला लागलं. एकाच दिवसासाठी मोठी डेग दोघींना कबूल करून बसले आणि लग्नघरी भांडण झालं. बाया म्हणाल्या, आक्काकडून किल्ली काढून घ्या. नवरा गेल्यावर गावात मला जो काही मान होता, तो त्या किल्लीमुळं होता. मंडळाच्या सचिवबाई मध्ये पडल्या. म्हणाल्या, एक इलाज करून बघू. त्यांनी धाराशिवहून या माणसाला बोलावलं. दुकानदारांना, दवाखान्यांना, लहान संस्थांना ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणं कंप्युटरवर माहिती ठेवायची सोय करून द्यायची, हा त्यांचा धंदा. ते त्याला डेटाबेस म्हणत. आम्हाला समजावताना मात्र कप्पे, कप्पे करायचे, म्हणून ते कप्पेवाले.

प्रश्न विचारून जीव खायचे. "भांडं एकीनं नेलं आन् दुसरीनं आणून दिलं तर? झाकण राहिलं तर?"

मी म्हटलं, "तुमच्या बायकोनं कसे दिवस काढले हो?"

"ती बी हेच म्हणायची," ते हसून म्हणाले. ती गेलेली होती, हे मला नंतर कळलं.

सचिवबाईंना प्रत्येक भांड्याला नंबर हवा होता. कप्पेवाल्यांनी ऐकलं नाही. "आक्का कधी नंबर सांगत्यात का? त्या चेपकी डेग म्हणत्यात, तुटक्या कडीची परात म्हणत्यात. तेच लिहायचं." गावात सुनीता चार आहेत. आम्ही त्यांना माहेरावरून ओळखतो, एक भूमची, एक सास्तूरची. तर त्यांनी माहेराचा वेगळा कप्पा केला. इतक्या वर्षांच्या धंद्यात असा कप्पा पहिल्यांदाच पाडला म्हणाले. मी चौथी शिकलेली. एका बोटानं अक्षरं दाबायला त्यांनीच शिकवलं. मी एक अक्षर शोधेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसत, म्हणजे मला लाज वाटू नये.

सगळ्यात शेवटचा कप्पा होता परत आल्याची तारीख. भांडं येईपर्यंत तो रिकामा ठेवायचा. मला ते पटेना. सरकारी फॉर्मात एक जागा रिकामी राहिली की फॉर्म तोंडावर परत येतो, हे आयुष्यभर बघितलेलं. एका दुपारी मी बसले आणि रिकाम्या सगळ्या कप्प्यांत त्या दिवसाची तारीख घालून टाकली. कसं छान भरलेलं दिसायला लागलं. आठ दिवसांनी भूमची तिच्या पोरीच्या हळदीसाठी चेपकी डेग न्यायला आली. कंप्युटर म्हणतोय डेग खोलीत आहे, आणि खोलीत डेग नाही.

किल्लीचा निकाल लावायला बैठक बसली. कप्पेवाले एसटीनं आले. मला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत माझी चौथी काढणार. ते उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. रिकाम्या कप्प्याचा अर्थ म्या सांगितलाच न्हाय. रिकामा म्हंजे भरायचा राहून गेला, असं न्हाय. रिकामा म्हंजे आपण अजून वाट बघतोय. वाट बघायची लाज कशाला? पण खोटं भरू नका." मग त्यांनी असे कप्पे पिवळे दिसतील अशी सोय करून दिली. किल्ली माझ्या कमरेलाच राहिली. माझी चूक स्वतःवर घेणारा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता. घरातही नाही.

काम संपल्यावरही ते महिन्याकाठी यायचे. "काही अडलंय का बघायला आलो." काही अडलेलं नसायचं. भाकरी खायचे, पिवळ्या ओळी बघायचे, एसटी धरायचे. शेवटच्या खेपेला मी मंडळाच्या एका डब्यात शेंगांची चटणी भरून दिली. ते जागचे हलेनात. म्हणाले, "आधी नोंद." मी दाबत बसले. डबा, एक. कप्पेवाले. मग विचारलं, "माहेर काय लिहू?"

"इथलंच लिहा की."

"म्हातारपणी फाजीलपणा बरा नव्हं," मी म्हटलं. पण लिहिलं.

"डबा पुढच्या खेपेला आणतो, आक्का. रिकामा न्हाय आणायचो."

दोन महिने गेले. डबा आला, पण घेऊन आली त्यांची लेक. म्हणाली, "बाबा गेले. डब्यावर मंडळाचं नाव होतं, म्हणून पत्ता लागला." डब्यात गूळ होता. बापानं बजावून ठेवलं होतं म्हणे, रिकामा देऊ नको. मी रडले वगैरे नाही. तिला चहा केला, त्यातला खडा घालूनच. उरलेला गूळ पंधरा दिवस पुरला. मग डबा घासून फळीवर ठेवला.

परवा सचिवबाईंनी कंप्युटर उघडला. भांडी सगळी आलेली, पिवळी ओळ एकच.

"आक्का, डबा तर फळीवर हाय. तारीख टाकू का?"

"नको."

"अवो, असं खोटं ठेवलेलं बघितलं असतं तर कप्पेवाले लई चिडले असते."

मी म्हटलं, "मग चिडायला तरी येऊ द्या त्यांना."