न वाचता दिलेलं मत

आमच्या दुकानाच्या दाराशेजारी भिंतीला एक मोठा काळा फळा ठोकलेला आहे. आमच्या ह्यांनी पाच वर्षांत महापालिकेच्या सभागृहात जे जे मत दिलं ते सगळं त्यावर लिहिलेलं आहे. तारीख, एका ओळीत विषय, आणि पुढे ‘हो’ किंवा ‘नाही’. खडूने नाही हं, ऑइल पेंटने. खडू पुसता येतो, म्हणून.

हे पाट्या रंगवतात. बत्तीस वर्षं झाली. न्हाव्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत आमच्या प्रभागातली प्रत्येक पाटी ह्यांच्या हातची. सगळे ह्यांना पेंटरच म्हणतात. माझ्या सासूबाईसुद्धा शेवटी शेवटी पोटच्या मुलाला पेंटर म्हणून हाक मारायच्या, आता बोला!

निवडणुकीला उभे राहिले तेही रागाच्या भरात. आधीच्या नगरसेवकाने ह्यांना स्वतःची पाटी रंगवायला सांगितली होती. ‘कार्यतत्पर’, ‘लोकप्रिय’ आणि असंच काय काय. हे म्हणाले, “साहेब, खाली जागा उरतेय. पाच वर्षांत काय केलंत ते एका ओळीत सांगा, तेही लिहितो.” त्या गृहस्थाला ती एक ओळ सुचेना. डोकं खाजवत बसला. हे घरी आले आणि जेवता जेवता म्हणाले, “मी उभा राहतोय.” माझ्या हातातला घास हातातच राहिला.

ह्यांनी मोजून तीन गोष्टी सांगितल्या. नळाचं पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढलं पाहिजे. फुटपाथवर माणसाला चालता आलं पाहिजे. आणि कोपऱ्यावरचा बायाबाळांचा दवाखाना संध्याकाळीही उघडा राहिला पाहिजे. वर चौथी पुस्ती जोडली, “जे मत देईन, ते दाराशी लिहीन.” लोक हसले, पण दोनशे अकरा मतांनी निवडून दिलं.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच घडलं. सभेच्या चार दिवस आधी विषयपत्रिका यायची, हा एवढा जाडजूड गठ्ठा. तो ह्यांना वाचता यायचा नाही. अडाणी नाहीत हो! उलट अक्षराचं वेडच इतकं की कागद हातात आला की हे अक्षरंच बघत बसतात. “हा ‘क्ष’ बघ, पोट सुटलंय याचं.” मजकूर गेला खड्ड्यात. म्हणून मग हे शिडीवर चढून रंगवायचे आणि मी खाली स्टुलावर बसून मोठ्याने वाचायची. कानाने मात्र ह्यांना सगळं कळतं. काही खटकलं की ब्रश थांबायचा आणि वरून आवाज यायचा, “परत वाच.” पहिल्या चार वर्षांत ह्यांनी जी शहाणपणाची मतं दिली, त्यांत माझ्या घशाचाही वाटा आहे. सांगून ठेवते.

आणि दिलीच होती शहाणपणाची! चौकातल्या कारंज्याला ‘नाही’, पाण्याच्या पंपाला ‘हो’. फुटपाथवर जाहिरातींचे खांब उभारायला ‘नाही’, तेही सगळं सभागृह एका बाजूला असताना. एकदाच ‘तटस्थ’ लिहिलं. तर दूधवाला सकाळी सकाळी दारात उभा. “पेंटर, तटस्थ म्हणजे काय हो? झोप लागली होती का?” हे खरं बोलून गेले, “विषय कळला नव्हता रे.” त्यानंतर ह्यांनी जन्मात तटस्थ मत दिलं नाही. आज आमच्या गल्लीत चौथ्या मजल्यावर पाणी चढतं. मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

शेवटच्या वर्षी माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी आठ दिवस तिच्याकडे गेले. जाताना बजावून गेले, “कुणाकडून तरी वाचून घ्या.” हे हो हो म्हणाले. गठ्ठा आला तो नव्या छापखान्यातला. ह्यांनी उघडला आणि भान हरपलं. काय ते वळण, काय त्या ओळी! दोन संध्याकाळी चष्मा लावून नुसते बघत बसले. विषय तेवीस होता, ‘आरोग्य सुविधांची पुनर्रचना’. सभेत ह्यांच्या गटातल्या सगळ्यांचे हात वर गेले तसा ह्यांचाही गेला. अडतीस विरुद्ध सदतीस. ठराव मंजूर.

संध्याकाळी दवाखान्यातली नर्स दुकानात आली. बसलीसुद्धा नाही. “पेंटरकाका, आम्हाला तीन महिन्यांत इथून हलवताय. नदीपलीकडे. दोन बस बदलून पोटुशी बाई येईल का हो तिकडे?” ह्यांनी गठ्ठा तिच्याच हातात दिला. तिने विषय तेवीसचं परिशिष्ट वाचून दाखवलं. दवाखाना हलवायचं सगळं तिथेच होतं. ज्या तीन गोष्टींवर निवडून आले, त्यांतलीच एक ह्यांच्या एका हाताने गेली होती.

निरोप मिळताच मी धावत परत आले. घरात माझे दीर आणि ह्यांचे गटनेते आधीच येऊन बसलेले. गटनेते म्हणाले, “निवडणूक पाच महिन्यांवर आलीय. एवढी एक ओळ लिहू नका. कोण मोजायला बसलंय?” दीर म्हणाले, “दादा, लिहायचंच तर नुसतं ‘पुनर्रचना’ लिही. कुणाला कळतंय?” आणि खरं सांगते, मीही म्हणाले, “अहो, राहू द्या ना.” आज आठवलं तरी माझीच मला लाज वाटते.

ह्यांनी भर दुपारी शिडी लावली, सुताने रेघ आखली आणि लिहायला घेतलं. मागे माणसं जमत गेली. ‘दवाखाना हलवणे. माझं मत, हो. न वाचता दिलं. चूक माझी.’ एवढं लिहून खाली एक ओळ कोरी सोडली.

मग काय विचारता! तळपायाची आग मस्तकात जावी असं बोलले लोक. कडेवर पोर घेतलेली एक बाई म्हणाली, “तुमची बायको बाळंतपणाला कुठे गेली होती, पेंटर? विसरलात?” आमच्या दोन्ही मुली त्याच दवाखान्यातल्या. हे मान खाली घालून ऐकत राहिले. मीच आत जाऊन भांड्यांवर राग काढला.

दुसऱ्या दिवशी मी महापालिकेच्या नियमांचं पुस्तक मिळवलं आणि स्टुलावर बसून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला लागले. तिसऱ्या दिवशी ब्रश थांबला. “परत वाच.” मी परत वाचलं. मंजूर झालेला ठराव तीन महिन्यांच्या आत फेरविचाराला आणता येतो, पण तशी मागणी करायची ती ठरावाच्या बाजूने मत दिलेल्यानेच, आणि कारण सभागृहात उभं राहून सांगायचं. म्हणजे ‘नाही’ म्हणणाऱ्या सदतीस जणांच्या हातात काही नव्हतं. ‘हो’ म्हणून चुकलेल्या माणसालाच ते करता येणार होतं.

सभेच्या दिवशी मी आणि नर्स वर प्रेक्षकांत बसलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण नखांतला निळा रंग काही निघाला नव्हता. महापौरांनी कारण विचारलं. गटनेत्यांनी मागून हळूच सांगितलं, “तांत्रिक म्हणा, तांत्रिक.” हे उभे राहिले आणि म्हणाले, “मी ठराव वाचला नव्हता.”

सगळं सभागृह खो खो हसलं. एक जण ओरडला, “न वाचता मत देता? शोभतं का?”

“नाही शोभत,” हे म्हणाले. “म्हणून तर उभा आहे. आता त्या दिवशी माझ्यासारखे ‘हो’ म्हणालेले आणखी सदतीस जण आहेत. त्यांच्यातल्या ज्यांनी परिशिष्ट वाचून मत दिलं, त्यांनी हात वर करावा. मी माझी मागणी मागे घेतो आणि घरी जातो.”

हसू थांबलं. चार हात वर आले. एक अर्धा उठला आणि पुन्हा खाली गेला. मी मोजत होते. नर्सने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

परिशिष्ट त्या दिवशी सभागृहात पहिल्यांदा मोठ्याने वाचलं गेलं. मग मत झालं. चव्वेचाळीस विरुद्ध एकतीस, ठराव रद्द. मी तिथेच रडले, आणि नियम मोडून टाळ्याही वाजवल्या. शिपायाने दटावलं तेव्हा म्हणाले, “काढा बाहेर, काढा! माझा नवरा आहे तो.”

ह्यांनी त्याच दिवशी ती कोरी ओळ भरली. ‘दवाखाना इथेच ठेवणे. माझं मत, हो. या वेळी वाचून.’

आणि निवडणुकीत पडले. सत्तेचाळीस मतांनी. समोरच्यांनी घरोघर एकच सांगितलं, न वाचता हात वर करणारा नगरसेवक हवाय का? फळ्याचाच फोटो छापला होता मेल्यांनी. माझं डोकं असं फिरलं होतं की मी महिनाभर गल्लीत कुणाशी धड बोलले नाही. हे मात्र दुसऱ्याच दिवशी शिडीवर.

निवडून आलेली मुलगी शाळेत शिकवणारी, आमच्या धाकटीच्या वयाची. आठवड्याने आली आणि दारात चुळबुळत उभी राहिली. “काका, मला एक फळा करून द्याल? जिथे जाते तिथे लोक पहिलं तेच विचारतात, तुझा फळा कुठाय?”

“वा रे वा!” मी म्हटलं. “ह्यांना मत द्यायला नको, फळा मात्र हवा लोकांना!” ह्यांनी तर एव्हाना सूत काढून माप घ्यायला सुरुवात केली होती.

“फळा होईल,” हे म्हणाले. “विषयपत्रिका कोण वाचणार?”

“मीच वाचेन की. मला वाचता येतं, काका.”

“मलाही येत होतं,” हे म्हणाले. “एकटी वाचू नकोस. कुणाला तरी ऐकव.” आणि हातातल्या ब्रशने माझ्याकडे खूण केली.

सोमवारी साडेनऊला ती गठ्ठा घेऊन आली. मी तिला स्टूल दिलं, स्वतः पायरीवर बसले. पोरगी भरभर वाचते, शाळेची सवय. विषय नऊवर पोचली आणि माझ्या डोक्यावर ब्रश थांबला.

“परत वाच,” हे शिडीवरून म्हणाले.