चकवा चांदणी

लग्न होऊन मी बारामतीहून कळसला आले, तेव्हा सगळ्यात जीव खायची ती पहाट. घर माणसांनी भरलेलं, पण माझ्याशी बोलणारं कुणी नाही.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ग्रहांचं वेड होतं. कालव्याचं पाणी रात्री मळ्याला धरायचं, त्यात वर बघता बघता लागलेलं. कोणता ग्रह कुठल्या राशीत, हे देवळातल्या भटजींना विचारून यायचे आणि पहाटे मला उठवायचे. "लुकलुकतो त्यो तारा, टक लावून बघतो त्यो ग्रह," म्हणायचे. आई कावायची, पोरीला आधी भाकरी नीट थापू द्या. आईचं काही चूक नव्हतं.

कळसला मी जात्यावर बसण्याआधी अंगणात उभी राहून ग्रह शोधायची. एकदा जावेला गुरू दाखवला, तर तिनं मला दिवसभर "जोशीणबाई" म्हणून चिडवलं. मग मी दाखवायचं सोडलं. बारामतीला आबाही आत्ता हेच बघत असतील, एवढ्या एका समजुतीवर मी दिवस काढत होते. दुसरं होतं काय माझ्याजवळ?

थंडीत एकदा आबा बैलगाडी जुंपून मला भेटायला आले. एक रात्र राहिले. सासरच्या माणसांत बसून बाप-लेकींनी बोलायचं काय? चार शब्द झाले, तेही ताट वाढताना. पहाटे शुक्राची चांदणी उगवली की निघायचं ठरलं. गाड्या तशाच निघत, घड्याळ होतं कुणाकडे!

सासूबाई अंधारातच बाहेर डोकावून आल्या. "पाव्हणं, उठा. चांदणी आली वर."

मी अंगणात गेले. उगवतीला चमकत होता तो गुरू. शुक्र तर त्या महिन्यात संध्याकाळी मावळतीला दिसायचा. शुक्रासारखी भासून भल्याभल्यांना अवेळी वाटेला लावते, ती ही चकवा चांदणी. सासूला चूक दाखवणारी सून काही कळसात जन्मली नव्हती. पण आबा ओळखतील, गालात हसतील आणि उजाडेपर्यंत थांबतील, म्हणून मला कोण आनंद झाला.

आबांनी वर बघितलं आणि ते बैल जुंपायला लागले.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आबा, ही चकवा हाय. गुरू हाय ह्यो."

त्यांचे हात थांबले. "व्हय? तू म्हंतीस तर आसंल. मला न्हाय दिसत आता, बाय. डोळ्यावर पडदा आलाय. वाट दिसती, मानूस दिसतं. वरचं गेलं सारं."

"कवापास्नं?"

"तू हिकडं आलीस त्या सालापास्नंच."

म्हणजे इतके दिवस मी एकटीच बघत होते. मला रडू आवरेना.

आबा गाडीच्या जुवावर टेकले. "रडू नगं. येळ हाय न्हवं आपल्याला? सांग, काय काय दिसतंय."

मी सांगत गेले. गुरू किती वर आलाय, मंगळ कुठं तांबूस दिसतोय, शनीचा पत्ता नाही. ते त्या त्या बाजूला तोंड करून ऐकत होते. झुंजुमुंजू झालं, आभाळ पुसलं गेलं, तेव्हा ते उठले. बैल जुंपून गाडीवर चढले आणि म्हणाले, "रोज बघत जा, बाय."

"बघंन की," मी म्हटलं. "पन सांगू कुनाला?"

आबांनी कासरा हातात घेतला, पण बराच वेळ गाडी काही हलली नाही.