वाफसा आलाय, असं मी म्हणालो

दक्षिण सुदानचा हुकूम आला तेव्हा मी सुभेदार होतो. नकाशा उघडला आणि आधी समुद्र शोधला. सापडला नाही. चारी बाजूंनी दुसरे देश. आमचा कंपनी कमांडर मेजर हसला. म्हणाला, "साहेब, पोहून परत येता येणार नाही." सहा आठवड्यांनी, डोक्यावर निळं हेल्मेट घालून, आम्ही शांतिसेनेच्या तळावर उतरलो.

आज मी सिंगापूरला, पासिर रिसमध्ये लेकीच्या फ्लॅटवर असतो. रोज सकाळी सहाला बीचवर चालतो. समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं मोजायची सवय लागली आहे. लेक मनीषा पाया लेबारला ऑफिसात जाते. नात इरा तेरा वर्षांची. तिला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: समुद्र नसलेला एक देश, त्याचा भूगोल, माणसं, सरकार आणि पैसाअडका. आईने सांगितलं, आजोबांना विचार, ते राहून आलेत.

"एक पण पोर्ट नाही?" इराने विचारलं. "देन ऑइल कसं विकतात, आजोबा?"

मी सांगितलं. तेल जमिनीखाली भरपूर. पण ते समुद्रापर्यंत न्यायचं तर पाइपलाइन उत्तरेच्या शेजाऱ्याच्या देशातून जाते, आणि त्याच शेजाऱ्याशी भांडून हे वेगळे झालेले. तो रुसला की यांची चूल बंद.

"सो सॅड, लाह," ती इथल्या सिंगापुरी लकबीत म्हणाली आणि लिहून घेतलं.

सरकारचं विचारलं तेव्हा मला हसू आलं. राजधानी जुबात राष्ट्राध्यक्ष होते, उपराष्ट्राध्यक्ष होते, आणि दोघांचे आपापले बंदूकवाले होते. आमच्या तळाजवळ मात्र सरकार म्हणजे पत्र्याची एक खोली, एक झेंडा आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले कमिशनर. फार सज्जन गृहस्थ. रोज इस्त्रीचा कोट घालून बसायचे, आणि त्यांच्याकडे सही करायला कागद नसायचा.

माणसं म्हणशील तर उंच, ताठ आणि गुरांवर जीव टाकणारी. त्यांची खरी संपत्ती गाय. लग्न गायीवर, भांडण गायीवर, समेटसुद्धा गायीवर. आमचा दुभाष्या डेंग इंग्रजी छान बोलायचा. तो म्हणायचा, "पैसा जुबात राहतो. गाय माझ्याबरोबर चालते." त्यांच्यात तरुणाला एक बैल देतात आणि त्या बैलाच्या रंगावरून त्या तरुणालाच नाव पडतं. हे ऐकून माझा ड्रायव्हर लान्स नायक भानुदास पोट धरून हसला होता. "आमच्याकडे बैलाला नाव ठेवतात, डेंगभाऊ. तुम्ही माणसाला बैलाचं ठेवता!" भानुदासच्या काळ्या केसांत पुढे एक पांढरी बट होती. डेंगने तिथल्या तिथे त्याला माजोक केला. माजोक म्हणजे काळापांढरा बैल. मग सगळी पलटण त्याला माजोकच म्हणायला लागली, आणि गड्याला ते आवडायचंही.

भूगोल मी शेवटी ठेवला होता. टाळत होतो म्हणा ना.

तिथली जमीन काळी. आपल्या परभणीसारखी. मी पहिल्या दिवशी मूठभर उचलली आणि जीव सुखावला. भेगा तशाच, वास तोच. भानुदास जिंतूरकडचा, शेतकऱ्याचाच पोर. आम्ही दोघं बांधावर उभं राहावं तसे उभे राहिलो. पण एक फरक होता. तळाभोवती ट्रेंच खणली तेव्हा त्यातून एक खडा निघाला नाही. मारुती बसवायचा होता, शेंदूर फासायला दगड मिळेना! शेवटी भानुदासने लांबच्या मुरमाच्या सडकेवरून नारळाएवढा दगड ट्रकमधून आणला, तेव्हा कुठे शनिवारची आरती सुरू झाली.

रोजचं काम ठरलेलं होतं. पाचला उठणं, साडेपाचला पीटी, सातला गस्त, संध्याकाळी सहाला हजेरीची गिनती. पाण्याच्या टाकीवर पहारा, विहिरीवर येणाऱ्या बायकांना सोबत. असे सात महिने गेले.

त्या दिवशी सकाळी नऊला रेडिओवर मेसेज आला. एका गावच्या दवाखान्यात सलाइन संपलं आहे, जुलाबाने मुलं आडवी पडली आहेत. मी बारा जवान आणि डेंगला घेतलं, पुढे जिप्सी, मागे खोक्यांनी भरलेला ट्रक. ट्रकवर भानुदास. दहाला निघालो. दोन वाजता फाट्यावर आलो. उजवीकडे मुरमाची उंच सडक, वळसा घालून जाणारी, अजून चार तास. सरळ गेलं तर काळ्या रानातून गुरांची वाट, तासाभराचं काम. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. सकाळपासून ऊन कडक.

मी रेडिओवर तळाला विचारलं. "टायगर, धिस इज चार्ली टू. फाट्यावर आहे. छोटी वाट घेऊ का?"

"चार्ली टू, तुम्ही जागेवर आहात. डिसिजन तुमचा. ओव्हर."

मी उतरलो. ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं. भुगा झाला. हाताला चिकटलं नाही. आमच्या वडिलांनी मला शिकवलेली ही खूण. ढेकूळ असं फुटलं की जमिनीला वाफसा आला, बैल घाला, औत घाला, काही होत नाही.

"वाफसा आलाय," मी म्हणालो. "चला."

भानुदास ट्रकमधून उतरून माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "साहेब, वाफसा वरवरचा आहे. आपल्याकडे खाली मुरूम असतो, पाणी उतरतं. इथं ट्रेंचमध्ये बघितलं ना, खाली काहीच नाही. ही आपली माती नव्हे."

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "मातीचं मला शिकवतोस? स्टिअरिंग धर."

"जी साहेब," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

जिप्सी हलकी होती, पार झाली. चौदा दहाला, म्हणजे दोन वाजून दहा मिनिटांनी, ट्रकचं मागचं चाक बसलं. मग पुढचं. अर्ध्या मिनिटात ॲक्सल टेकला. आम्ही फावडी काढली. चाकाखाली घालायला झाड नाही, दगड नाही, गवत तेवढं माणूसभर उंच. चाळीस मिनिटं खणलं. खणू तेवढं खाली तेच काळं, ओलं.

चौदा पन्नासला हॉर्न वाजला. उंच केबिनमधून भानुदासला गवतातली हालचाल आधी दिसली होती. त्याने हॉर्न दाबून धरला आणि ओरडला, "लेट जा! डावीकडे!" चाकाशी वाकलेले आठ जण आडवे झाले, त्याच क्षणी फायर आला. हॉर्न सोडून तो खाली उडी मारू शकला असता. डेंग आणि दोन जवान अजून मोकळ्यावर होते. ते ट्रकच्या आडोशाला पोहोचेपर्यंत हॉर्न वाजत राहिला. मग थांबला.

बारा मिनिटं फायरिंग चाललं. आम्ही जवाब दिला, ते गवतात पांगले. कोण होते, आजही ठाऊक नाही.

मी केबिनचं दार उघडलं. गोळी मानेखाली लागली होती. मी पट्टी दाबून धरली. तो शुद्धीवर होता.

"गाडी निघाली का, साहेब?"

"निघाली," मी म्हणालो. पंधरा तीसला तो गेला. मदतीचं हेलिकॉप्टर सोळा वीसला आलं. डेंगच्या ओळखीच्या गुराख्यांनी सलाइनची खोकी डोक्यावर घेतली आणि अंधार पडायच्या आत गावात पोचवली. मुलं वाचली, असं नर्सने मागाहून कळवलं.

चौकशी झाली. कागदावर विचारलं होतं, वाहन कोण चालवत होतं? मी नाव लिहिलं. वाहन का अडकलं? मऊ जमीन. वाट कोणी निवडली, हे कोणी विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं, असं स्वतःला समजावत राहिलो.

भानुदासच्या बायकोला, सुनंदाला, मी दर दिवाळीला फोन करतो. एकदा ती म्हणाली, "साहेब, गावात पोरं रोहितला चिडवतात. तुझ्या बापाने गाडी रुतवली म्हणतात. आता तो वडिलांचं नावच काढत नाही." रोहित त्यांचा मुलगा. मी म्हणालो, "लोकांकडे लक्ष देऊ नका." एवढंच म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण हे खरं आहे.

हे सगळं मी इराला सांगितलं, फक्त फाट्यावरचा भाग गाळून. ट्रक अडकला, फायर आला, गावात पोरं रोहितला चिडवतात, एवढंच. ती पेन्सिल चावत बसली होती. म्हणाली, "बट आजोबा, मोठा रोड होता ना? मग रानातून जायचं कोणी ठरवलं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. मी जेवणाच्या टेबलावरून उठून गॅलरीत गेलो. खाली पोरं सायकली चालवत होती. परत येऊन बसलो.

"मी," म्हणालो. "त्याने नको म्हटलं होतं."

इराने लिहिलं नाही. माझ्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, "देन यू मस्ट टेल देम."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन लावला. तिकडे सात वाजले होते. सुनंदा घाबरलीच, "दिवाळी नाही, काही नाही, साहेब बरे आहेत ना?" मी सगळं सांगितलं. ढेकूळ, वाफसा, माझं ते वाक्य. काही लपवलं नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तिने विचारलं, "ते काय म्हणाले होते? परत सांगा."

"ही आपली माती नव्हे, म्हणाले."

"मातीतलं त्यांना कळायचंच," ती म्हणाली. आवाजात अभिमान होता. "इतकी वर्षं का हो थांबलात, साहेब?"

मी माफी मागितली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही, आणि ते तिचं बरोबर आहे. फोन ठेवण्याआधी एवढंच म्हणाली, "हे तुमच्या हाताने लिहून द्या. रोहितला वाचायला देते. आणि चावडीवरही वाचून दाखवीन."

म्हणून हे लिहिलं. बाळ रोहित, तुझ्या वडिलांनी गाडी रुतवली नाही. ती मी रुतवली. लान्स नायक भानुदासने धोका आधी ओळखला, आधी सांगितला, हुकूम पाळला आणि हॉर्नवरचा हात शेवटपर्यंत काढला नाही. त्या दिवशीचे आम्ही अकरा जवान, एक दुभाष्या आणि मी त्या हातामुळे घरी आलो.

सही: सुभेदार, निवृत्त. मुक्काम पासिर रिस, सिंगापूर.