न मागितलेला जोगवा

देवीवर मी रागावले होते, हे आधीच कबूल करते. तेही परमुलखात, वाळूत उभी राहून.

आमच्या आष्टीकडं जोगव्याची रीत आहे. मंगळवारी पाच घरांपुढं पदर पसरायचा, मूठमूठ धान्य मागायचं आणि त्याचीच भाकरी करून आईला निवद दाखवायचा. पोराच्या घरात आठ वर्षं पाळणा हलला नव्हता, तेव्हा मी अंबाजोगाईच्या आईला दर मंगळवारचा जोगवा बोलले. मग नात झाली, ओवी. आता ती साडेचार वर्षांची आहे आणि तेवढ्या काळात माझा एकही मंगळवार चुकला नव्हता. पाय मुरगळला तेव्हासुद्धा काठी टेकत गेले होते.

दिवाळीच्या सुट्टीत पोरानं आम्हाला जैसलमेरला नेलं. वाळवंटातली जीपची सफर नेमकी मंगळवारी आली. मी कुरकुर केली तर पोरगा हसला, "माय, ह्या हाटेलात पाच घरं कुठून आणू? का खोल्यांची दारं वाजवतीस?" ही खरंच वाजवील अशी धास्ती सूनबाईच्या तोंडावर दिसली. मलाही लाजच वाटली. चार लोकांत हसं कशाला, म्हणून गप बसले. तेच दिवसभर टोचत राहिलं.

जीपनं अशी आदळआपट केली की बैलगाडी परवडली. ओवी मात्र खिदळत होती. टेकाडावर पोचलो तेव्हा दिवस बुडत होता. पोरगा आणि सूनबाई फोटो काढायला पुढं गेले. ओवीचा हात माझ्या हातात होता. मावळत्या सूर्याकडं तोंड करून मी तो हात सोडला, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. "आई, आजचा जोगवा चुकला गं, पोटात घाल." डोळे उघडले तर ओवी नव्हती.

हाका मारून घसा बसला. जिकडं बघावं तिकडं सारखीच वाळू. सून मटकन खाली बसली. पोरगा टेकाडाच्या चारी अंगांना धावत सुटला. तेव्हा मी मनातल्या मनात तोंड सोडलं. अगं बये, तुला हात जोडायला तिचा हात सोडला आणि तू तिलाच नेलीस? एका मंगळवारासाठी एवढा दावा? मग रागही ओसरला. म्हटलं, तूच दिलीस, तूच सांभाळ. माझ्यानं होत नाही.

आमच्या हाका ऐकून एक म्हातारा उंटवाला आला. त्यानं वाकून वाळू पाहिली. बारक्या पावलांच्या शेजारी शेळीच्या खुरांचे ठसे होते. पोर शेळीमागं गेली, एवढंच तो हिंदीत म्हणाला आणि चालू लागला.

दोन टेकाडांपलीकडं मातीची झोपडी होती. अंगणात एक बाई शेळीची धार काढत होती आणि शेजारी ओवी वाटीतलं दूध पीत बसली होती. "आजी, हिचं पिल्लू लई गोड हाय!" मी तिला उराशी धरून हमसाहमशी रडले. रागं भरायचंही सुचलं नाही.

निघताना त्या बाईनं थांबायची खूण केली. आतून सुपात बाजरी घेऊन आली, माझा पदर पुढं ओढला आणि त्यात ओंजळी ओतू लागली. उंटवाल्यानं सांगितलं, नवं पीक घरात आलंय, दारी आलेल्या बाईला ही रिकामी पाठवत नाही. असेल रीत. गावाकडच्या बाया विचारतात, पाचच ओंजळी होत्या का? मी मोजल्या नाहीत. डोळ्यांना धाराच लागल्या होत्या. पोरानं पदराचं दुसरं टोक धरलं. "सांडू देऊ नको, माय," तो हळूच म्हणाला.

ती बाजरी घरी आणली. सुनेनं स्वतः भाकरी थापली आणि आईला निवद दाखवला. पुढच्या मंगळवारी न सांगता ती माझ्यासोबत निघाली.

इतकी वर्षं वाटायचं, नेम मी सांभाळतेय. सांभाळणारी आईच होती. आता देवळात उभी राहते तेव्हा ओवीचा हात सोडत नाही. माझा नमस्कार एका हाताचाच होतो. आईला चालतो.