पंक्चरवाल्याचा थोरला भाऊ

लाखनीच्या हायवेवर ट्रकची पंक्चरं काढणारा, पन्नाशी ओलांडलेला हा गडी आमच्या कॉलेजात बी.ए. करतोय. पुस्तकाला हात लावण्याआधी तो साबणानं हात धुतो, तरी पानापानावर काळा अंगठा उमटतोच. ऑफिसात माझ्या टेबलाशी आला की सुरुवात ठरलेली, "सर, एक डाउट हाये."

या वेळी त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर डाउट मला होता. शिष्यवृत्ती एका घरातल्या दोनच भावंडांना मिळते, आणि हा तिसरा. मी म्हटलं, "मोठ्या दोघांनी घेतली नाही आणि पुढेही घेणार नाहीत, असं त्यांच्या सहीनं लिहून आणा."

दुसऱ्या दिवशी तो दोघांनाही मोटरसायकलवर बसवून घेऊन आला. मधल्यानं न वाचताच सही ठोकली. सत्तरीचा, चौथी नापास थोरला मात्र अडून बसला.

"घेतली नाही, हे खरं हाये. पण घेणार नाही, असं काहून लिवू? उद्या मले शिकावंसं वाटलं तं?"

मी कपाळाला हात लावला. वर्षाची फी त्या एका सहीवर अडली होती. पंक्चरवाल्यानं माझाच पेन उचलला आणि 'पुढेही घेणार नाही' ही ओळ खोडून टाकली.

"बरोबर हाये सर," तो म्हणाला. "दादाचा नंबर माह्या आधी लागते."