अध्यक्ष महाराजांची खुर्ची

वर्गात मुलं पाढे म्हणत होती आणि दारात आमच्या चिंचवडच्या घरचा गडी येऊन उभा राहिला. "वैनी, तात्या गेले," एवढंच म्हणाला. पिंपरीहून घरी येईपर्यंत मला रडू आलं नाही. ओसरीवर पाऊल टाकलं, ती रिकामी खुर्ची दिसली, आणि मग मात्र आवरेना...

तात्या माझे सासरे. इंग्रजी अमलात मुंबईच्या कायदेकौन्सिलात आमच्या भागातून निवडून गेलेले. तिथे शेतसाऱ्यावर, शाळांवर ते काय बोलले, ते जाणकार लिहितीलच. मला ठाऊक आहेत ते घरचे तात्या. कौन्सिल सुटलं, पण तिथली एक खोड अंगात मुरली ती कायमची. सभागृहात एकमेकांशी थेट भांडायचं नसतं, जे काय सांगायचं ते अध्यक्षांना. म्हणून ओसरीवर त्यांनी एक खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती. बांधावरून डोकी फोडायला निघालेले भाऊ असोत की आमटीत मीठ जास्त झालेलं असो, बोलायचं ते खुर्चीकडे बघून, "अध्यक्ष महाराज" म्हणून. तिच्यात कोणी बसायचं नाही, स्वतः तात्यांनीही नाही. माणसं हसायची, आणि हसता हसता भांडण निम्मं व्हायचं.

मी नवी सून. सासऱ्यांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. पिंपरीत कारखाना आला, कामगारांच्या वसाहतीत शाळा निघाली, तिथे मास्तरीण हवी होती. मी सातवीची फायनल पास झालेली. ती नोकरी मला इतकी हवी होती की घास उतरेना. एका संध्याकाळी पदर सारखा केला आणि खुर्चीसमोर उभी राहिले. "अध्यक्ष महाराज, मला शाळेत शिकवायला जायचंय."

सासूबाई आतून तरातरा आल्या आणि त्याही खुर्चीकडेच वळल्या. "अध्यक्ष म्हाराज, हिला इचारा, भाकऱ्या कोन थापनार? लोक त्वांडात श्यान घालतील आमच्या!"

"मतं घेऊ," तात्या म्हणाले. माझं एक, सासूबाईंचं एक. आमचे हे सुपारी कातरत म्हणाले, "मी तटस्थ." तो राग माझा अजून गेलेला नाही.

तेव्हा तात्या उठले आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले. "समसमान मतं पडली की अध्यक्षाने निर्णायक मत द्यायचं. आणि प्रथा अशी, की ते आहे तसंच चालू ठेवायच्या बाजूने द्यायचं." माझा धीरच सुटला. तात्या पुढे म्हणाले, "पण आज या घरात सून सासऱ्यासमोर बोलली. आहे तसं आता राहिलंय कुठे? ठराव मंजूर."

सासूबाई बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा मात्र रोज भरून ठेवायच्या.

तात्यांचे दिवस झाले, आणि परवा सकाळी मी शाळेला निघाले, तर सासूबाई ओसरीवर उभ्या होत्या. सवयीने तात्यांचा चहा घेऊन आलेल्या. नवऱ्याशी चारचौघांत बोलणं त्यांना जन्मभर जमलं नाही, नाव तर कधीच घेतलं नाही. खुर्चीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "अध्यक्ष म्हाराज, ह्यांना सांगा... च्या निवतोय."

पिशवी खुंटीला अडकवून मी त्यांच्याजवळ बसले. त्या दिवशी शाळेत उशिरा गेले.