आफ्रिकावाल्यांचा सरडा

आफ्रिकावाले कुठेही बसायचे. भर बाजारात, बोलता बोलता, "बसतो जरा," म्हणत आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर टेकत. हिंगणीत त्यांना कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. विहिरींसाठी जमीन तपासायच्या कामावर ते नायजेरियात होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वडिलांना लकवा झाला, म्हणून परत आले. लग्न राहूनच गेलेलं. मी हिंगणीच्या शाळेत मास्तर, त्यांचा शेजारी.

नायजेरियात सोकोतो शहराकडे डुकामाजे नावाचा खडकाचा थर आहे. आज तिथं उन्हाची नुसती धग, पण फार पूर्वी समुद्र होता. त्या थरात, एका घळीत, त्यांना मोसासॉरचा जबडा सापडला होता. मोसासॉर म्हणजे घोरपडीच्या गोतातला, होडीएवढा समुद्री सरडा. जबडा त्यांनी तिथल्या कॉलेजला दिला. धड दगडातच होतं. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून जागा मातीनं झाकून ठेवली. पाऊस सरला की खणायचं, असं ठरलं आणि घरून तार आली.

पुढची कितीतरी वर्षं ते वडिलांना उठवत, धूत, भरवत राहिले. म्हाताऱ्याची जीभ जड झाली होती, तरी रोज विचारायचा, "काऊन आला तू?"

"तुमीच बलावलं ना, बाबा," म्हणत ते त्याचं तोंड पुसायचे. चिडत नसत. चिडायलाही अंगात काही लागतं.

एकदा बोर धरणाकडून येताना रस्त्याकडेच्या काळ्या खडकावर हात ठेवून म्हणाले, "आपला दगड आगीतून आला, मास्तर. याच्यात मांगचं काई राह्यत नाई. बरं आहे."

वडील गेले, तोवर यांचंही हृदय थकलं होतं. मग सोकोतोहून त्यांचा जुना सहकारी गरबा याचा आमच्या घरी फोन आला. कॉलेज खोदकाम काढत होतं, त्यांना बोलावत होतं. येणं होत नाही म्हणाले. मग तिथल्या हौसा भाषेत बराच वेळ घळीची जागा समजावत राहिले, आमच्या भिंतीवर बोटानं वळणं काढत. फोन ठेवून म्हणाले, "तो सात कोटी वर्सं थांबला. मलेच आता थांबवत नाई."

त्याच उन्हाळ्यात ते झोपेत गेले.

दिवाळीनंतर गरबाचा पुन्हा फोन आला. सरडा सापडला होता, सबंध, शेपटीसकट. ते गेल्याचं मी सांगितलं. मग तो म्हणाला, त्यांच्या घरच्यांना तरी कळवा.

मी आत जाऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "आता कोणाले सांगाचं?"